समुद्राकाठी दोन खोल्या

धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या घरांतून समुद्र कोणी पाहिला, असे विचारले तर बहुतेक जण एकच उत्तर देतील : ६ डिसेंबरला, दादरला. रात्रीची गाडी, अंगावर पांढरे कपडे, फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी, शिवाजी पार्कातला मंडप, तासन्‌तासांची रांग आणि चैत्यभूमीवर माथा टेकवून मागे वळले की समोर पसरलेले ते काळेभोर पाणी. आपल्या कितीतरी आयाबायांनी जन्मभरात समुद्र पाहिला तो एवढाच. डोळे भरलेले असताना पाहिला, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून घाईघाईने पाहिला.

त्या पाण्यापाशी नुसते बसायला जावे, चार दिवस राहावे, पोरांना वाळूत खेळू द्यावे, हा विचार आपल्याकडे नवा आहे. सुट्टी म्हणजे मामाचे गाव किंवा लग्नसराई. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर सुट्टी हा शब्दच नाही. भूम, वाशी, कळंबकडची माणसे दिवाळीनंतर गाव सोडतात ती कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. पण आता पोरे शिकली, कोणी शिक्षक झाले, कोणी एसटीच्या वर्कशॉपात लागले, कोणी अंगणवाडीत. घरात थोडे शिल्लक राहू लागले. मग प्रश्न येतो, जायचे कुठे आणि उतरायचे कुठे?

आम्ही चार घरची माणसे गेल्या काही वर्षांत दोनदा कोकणात जाऊन राहिलो. हॉटेलात नव्हे, समुद्राकाठच्या गावात दोन-दोन खोल्या भाड्याने घेऊन. त्याची हकिगत आणि त्यातून जे कळले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

दापोलीच का?

महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे. त्यात अलिबाग, गणपतीपुळे, मालवण ही नावे सगळ्यांना ठाऊक. आम्ही मात्र रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तरेकडचा तुकडा निवडला : दापोली आणि मंडणगड हे दोन तालुके. कारण सांगायला नको. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात. सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ कुटुंब घेऊन दापोलीच्या कॅम्पात राहिले. आणि माता रमाईचे माहेर वणंद हे दापोलीच्या अगदी जवळ.

रमाईच्या वडिलांचे काम काय होते, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरावरून मासळीच्या पाट्या वाहून बाजारात नेत. म्हणजे ज्या समुद्राकडे आज लोक पैसे मोजून जातात, तोच समुद्र रमाईच्या वडिलांनी डोक्यावर वाहिला. वणंदला आता स्मारक आहे. आमच्यातल्या एका आजी तिथे गेल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्या चढावरनं पाटी घेऊन चढायचं म्हंजी काय असतंय, ते ज्यानं डोक्यावर वाहिलंय त्यालाच ठावं." आजींनी स्वतः रोजगार हमीवर पाझर तलावाची माती वाहिली आहे.

दुसरे कारण पैशाचे. दापोलीपासून दहा-पंधरा किलोमीटरांवर लाडघर, कर्दे, मुरुड, हर्णै अशी किनाऱ्यावरची गावे एकापाठोपाठ एक आहेत. इथे मोठी हॉटेले आहेत तशीच घरगुती सोयही आहे. नारळ-पोफळीच्या आगरात मालकाचे घर, बाजूला दोन-तीन खोल्या काढलेल्या, पुढे पडवी, मागे विहीर. खोलीसाठी भाडे द्यायचे आणि जेवण मालकाच्या घरातूनच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले आणि ह्या पट्ट्यातल्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. नारळाचे किंवा पोफळीचे नवे झाड लावले तर उत्पन्नाला कितीतरी वर्षे थांबावे लागते. अशा घरांना खोल्यांचे भाडे हा मोठा आधार आहे. हे ध्यानात असले की घासाघीस करताना जीभ थोडी आवरते.

खोली ठरवताना

खोली फोनवरच ठरते. तेव्हा काय काय विचारावे हे आधीच कागदावर लिहून घेतलेले बरे. भाडे खोलीवर आहे की माणशी? माणशी असेल तर मुलांचे किती? माणशी दरात चहा-नाश्ता-जेवण धरलेले असते. खोलीच्या दरात ते नसते. आमचा अनुभव असा की पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला खोलीचे भाडे जड जात नाही, जेवणाचा हिशेब जड जातो. मासळीचे ताट शाकाहारी ताटापेक्षा बरेच महाग पडते आणि कोकणात येऊन मासळी खायची नाही असे पोरांना सांगता येत नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या खेपेला स्वयंपाकाची मोकळीक असलेली जागा पाहिली. एका वेळचे जेवण मालकीणबाईंकडून, एका वेळचे आमचे. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पीठ घरूनच नेलेले. तांदळाच्या भाकरीवर आमच्या पुरुषमंडळींचे पोट दोन दिवसांत कंटाळते हे आधीच ठाऊक होते.

शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा ह्या दिवसांत तीच खोली दीडपट-दुपटीने जाते. सोमवारी जाऊन गुरुवारी निघालात तर भाड्यात आणि शांततेत दोन्हीकडे फायदा. आगाऊ रक्कम किती, न जमल्यास परत मिळणार का, हेही विचारावे आणि पैसे पाठवल्याची पावती जपून ठेवावी.

आणि पाणी विचारावे. आपण दुष्काळी मुलखातली माणसे. कोकणात एवढा पाऊस पडतो म्हटल्यावर पाण्याची काळजी कशाला, असे वाटते. पण तिथली जमीन जांभ्याची. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस येतो आणि उतारावरून सरळ समुद्रात जातो. एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या कितीतरी वाड्यांना टँकर लागतो. आम्ही उतरलो त्या घरच्या मालकीणबाई रोज सकाळी विहिरीत वाकून पाणी किती खाली गेले ते बघायच्या. आमच्यातल्या बायकांनी ते पाहिले आणि पोरांना दुसऱ्यांदा अंघोळ करायला साफ मनाई केली. कोणी सांगावे लागले नाही. त्या सकाळपासून मालकीणबाईंचे आणि ह्यांचे गूळपीठ जमले.

आडनाव काय?

आता मुद्द्याचे. घरगुती सोय म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणे, दुसऱ्याच्या चुलीवरचे खाणे. तिथे तो जुना प्रश्न येतोच. शहरातल्या हॉटेलात ओळखपत्राची प्रत घेतात आणि किल्ली देतात. गावात पडवीवर बसवतात, पाणी देतात आणि मग विचारतात, "कुठचे म्हणालात? धाराशिव? म्हणजे तुळजापूरकडचे. आडनाव काय?" आडनावावरून उमगले नाही तर, "तुम्ही कोणापैकी?"

पहिल्या खेपेला आमच्या बाबतीत घडले ते असे. एका गावात (नाव लिहीत नाही) फोनवर दोन खोल्या ठरल्या होत्या. आवाज गोड, बोलणे अगत्याचे. आम्ही संध्याकाळी क्रुझरमधून उतरलो. गाडीच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम' होते. मालकांनी ते वाचले, आत गेले, बाहेर आले आणि म्हणाले, "एक अडचण झाली आहे, आमचे पाहुणे आले आहेत, खोल्या रिकाम्या नाहीत." आत कोणी पाहुणा दिसत नव्हता. बाहेर आमची लहान मुले झोपेला आली होती. त्या रात्री दोन गावे पुढे एका खलाश्याच्या घरी जागा मिळाली. त्याने आडनाव विचारले नाही, किती जण आहात एवढेच विचारले आणि चटया मोजून दिल्या.

यावर घरी आल्यावर पुष्कळ चर्चा झाली. आमच्यातला एक तरुण म्हणाला, स्टिकर काढून टाकू, फोनवर नुसते पहिले नाव सांगू, कशाला स्वतःहून उघडे पडायचे? सुट्टीला जायचे की लढायला? त्याचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नाही. बायकापोरे बरोबर असतात, रात्रीची वेळ असते.

पण नाव लपवून खोली घेण्याचा एक दाखला आपल्यापुढे आहे. १९१७ साली बाबासाहेब अमेरिका आणि लंडन येथील शिक्षणानंतर बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात प्रवेश नव्हता. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून वरच्या मजल्यावर ते राहिले. दिवसाला दीड रुपया भाडे. तिथल्या अंधाऱ्या, ओसाड दिवाणखान्यात पुस्तक वाचून ते एकटेपण विसरू पाहत. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि त्यांना बाहेर काढले. बाबासाहेबांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. परदेशातून मोठ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाला दहा दिवस खोटे नाव सांभाळावे लागले आणि ते नावही त्याला वाचवू शकले नाही. आम्ही त्या तरुणाला एवढेच म्हटले की तुझी पोरे चार दिवस वाळूत खेळतील आणि 'पप्पांनी नाव का बदललं' हे चाळीस वर्षे लक्षात ठेवतील.

मग उपाय काय? आम्ही जो केला तो सांगतो. दुसऱ्या खेपेला फोन उचलल्यावर पहिला शब्द उच्चारला तो 'जय भीम'. दोन ठिकाणी पलीकडे क्षणभर शांतता पडली आणि 'त्या तारखांना जागा नाही' असे उत्तर आले. बरे झाले! हे उत्तर धाराशिवच्या घरात बसून मिळाले, चारशे किलोमीटर जाऊन मुले कडेवर घेऊन उभे असताना नव्हे. तिसऱ्या ठिकाणी बाई म्हणाल्या, "जय भीम. किती माणसं? मासळी चालते ना सगळ्यांना?" खोली तिथेच घेतली. बाई आपल्या नव्हत्या. जाताना त्यांनी कोकमे आणि नारळ बांधून दिले, आम्ही शेंगदाणे आणि ज्वारी दिली.

कायदा काय सांगतो तेही माहीत असावे. राज्यघटनेच्या कलम १५ (२) नुसार दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून कोणाला अडवता येत नाही. अस्पृश्यता कलम १७ ने संपवली. १९५५ च्या कायद्याचे नाव १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा असे आहे. त्यात 'हॉटेल' या शब्दात भोजनगृह आणि लॉजिंगही येते. धर्मशाळा-मुसाफिरखान्यातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याहून कडक. पाटी लावून, पैसे घेऊन पाहुण्यांना खोल्या देणारा माणूस 'हे माझे खाजगी घर आहे' असे म्हणून सहज सुटू शकत नाही. अर्थात 'खोल्या भरल्या' असे गोड शब्दांत सांगणाऱ्याविरुद्ध पुरावा उभा करणे कठीण आहे, हेही आम्ही लपवत नाही. म्हणूनच ठरल्याचा निरोप फोनवर लेखी मागून घ्यावा : तारखा, खोल्या, माणसे, आगाऊ रक्कम.

भरती-ओहोटी

आपल्या मुलांना विहिरीत, तळ्यात पोहता येते. म्हणून समुद्रातही पोहता येईल अशा समजुतीत राहू नये. दरवर्षी कोकणच्या किनाऱ्यावर घाटावरून आलेली तरुण पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात. तळ्याचे पाणी जागेवर असते, समुद्राचे पाणी चालते.

भरती दिवसातून दोनदा येते. सुमारे सहा तास पाणी चढते, सुमारे सहा तास उतरते, आणि रोज हे वेळापत्रक पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. कोकणात कोळ्यांचा साधा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराचे पाऊण सव्वा अकरा, म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचे. हा ढोबळ हिशेब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढते आणि सर्वांत जास्त उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, तो भांग.

हे सांगण्याचे कारण असे की आपल्याकडे सहल बहुधा पौर्णिमा धरून निघते. वैशाखी पौर्णिमेला बुद्धजयंती वंदना करून दुपारी पाण्यात उतरलात तर नेमके उधाणाचे पाणी असते. आणि खरा धोका भरतीत नव्हे, ओहोटीत. उतरते पाणी माणसाला आत ओढते. गुडघाभर पाण्याच्या पुढे जायचे नाही, खाडीच्या मुखाशी आणि खडकांवर जायचे नाही, जून ते सप्टेंबर पाण्यात पायच घालायचा नाही. आम्ही खोलीच्या मालकांना रोज सकाळी 'आज पाणी किती वाजता?' असे विचारत असू. तिसऱ्या दिवशी आमची आठ वर्षांची मुलगी पंचांगातली तिथी पाहून स्वतःच वेळ सांगू लागली आणि बरोबर निघाली. आम्हाला पंचांग मुहूर्तासाठी लागत नाही. त्याचा असा उपयोग होतो हे पाहून बरे वाटले.

चार दिवसांत काय पाहिले

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो. होड्या किनाऱ्याला लागतात, टोपल्या वाळूवर येतात, बायका बोली लावतात. आपल्या बाजारसमितीतला तुरीचा लिलाव पाहिलेल्यांना ही बोली लवकर कळते. बांगडा, सुरमई, कोळंबी थेट घेतली तर स्वस्त पडते आणि खोलीवर शिजवता येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी मिळेल या आशेवर जाऊ नये. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग किल्ला.

दापोली तालुक्यातच पन्हाळेकाजी नावाचे गाव आहे. तिथे कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी आहेत. सुरुवात बौद्ध, पुढे वज्रयान, पुढे नाथपंथ असा हजारएक वर्षांचा थर त्या दगडात दिसतो. आपले लोक वेरूळ-अजिंठ्याला जातात, इथे फारसे कोणी जात नाही. आम्ही गेलो त्या दिवशी आमच्याशिवाय दोन गुराखी मुले तेवढी होती.

आपण समुद्रापासून इतके लांब, तरी आपल्या जिल्ह्याचे समुद्राशी नाते जुने आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. एरिथ्रियन समुद्राच्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरावर येते, अशी नोंद आहे. तेरला विटांचे चैत्यगृह अजून उभे आहे. त्रिविक्रमाचे मंदिर म्हणून ते ओळखले जाते. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आहेत. कोकणात जायच्या आधी एक रविवार तेरला घालवला, तर पोरांना वाटेचा अर्थ लागतो.

आंबडव्याला आम्ही अर्धा दिवस दिला. दगडविटांचे गाव नव्हे, डोंगराच्या कुशीतली वाडी. तिथून पुढे मंडणगड तालुक्याच्या टोकाला बाणकोट आणि वेळास. बाणकोटला सावित्री नदी समुद्राला मिळते. ही सावित्री म्हणजे महाडची सावित्री. २५ डिसेंबर १९२७ ला जी परिषद महाडला भरली, तिच्यासाठी बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि खाडीतून दासगावच्या बंदराला उतरून महाडला गेले. ती बोट ह्याच मुखातून आत शिरली. त्या परिषदेच्या मंडपाला महाडात कोणी हिंदू जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली, आणि त्याच जागेत त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. बाणकोटच्या किल्ल्यावर उभे राहून आम्ही मुलांना खाडी दाखवली आणि हे सांगितले. एका मुलाने विचारले, "मग फत्तेखानानं भाडं किती घेतलं?" आमच्याकडे उत्तर नव्हते, पण प्रश्न चांगला होता.

परतताना महाडला चवदार तळे आणि गावाबाहेर मुंबई-गोवा रस्त्याला लागून असलेली गांधारपाले येथील बौद्ध लेणी पाहता येतात. गुडघे दुखणाऱ्यांनी लेण्यांच्या पायऱ्या सकाळी चढाव्यात.

आपल्या वाडीत खोल्या का नाहीत?

ह्या दोन खेपांत आम्हाला सर्वांत टोचलेली गोष्ट वेगळीच आहे. कोकणात गावागावाला बौद्धवाडी आहे. त्यातली निम्मी घरे कुलूपबंद. माणसे मुंबईत, गिरण्या बंद पडल्यावरही तिथेच. मे महिन्यात चाकरमानी येतात, संयुक्त जयंती होते, विहार गजबजते, आणि पावसाच्या आधी पुन्हा कुलूप. ही घरे बहुधा चिऱ्याची, कौलारू, आता तर स्लॅबचीही. समुद्र पायी अंतरावर. आणि आपण खोल्या कुठे शोधतो? जिथे आपल्याला 'कोणापैकी' विचारतात तिथे.

एका बौद्धवाडीत आम्ही एका निवृत्त गिरणी कामगाराच्या ओटीवर चहा प्यायलो. मुंबईची खोली मुलाला देऊन ते गावी आले होते. आम्ही म्हणालो, काका, ही मागची खोली भाड्याने का देत नाही? ते म्हणाले, "आमच्याकडं कोण उतरणार? पाटी लावली तर वरच्या आळीतले हसतील." आम्ही म्हणालो, आम्ही उतरू. मराठवाडा, विदर्भातली माणसे आंबडव्याला, वणंदला येतात, दर्शन घेऊन त्याच दिवशी माघारी फिरतात, कारण रात्र कुठे काढायची हे माहीत नसते. ती उतरतील. काकी आतून म्हणाल्या, "संडास आधी बांधा म्हणावं, मग पाटी लावा." बरोबर बोलल्या. पाहुण्याला स्वच्छ संडास, पंखा, धुतलेली चादर आणि पिण्याचे पाणी एवढे लागते. बाकी समुद्र आहेच.

सरकारी सोयी आहेत. पर्यटन खात्याची 'निवास व न्याहारी' योजना आहे, तिच्यात राहत्या घरातल्या खोल्या नोंदवता येतात. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत स्थानिकांनी आपल्या असलेल्या घराचे जोते न वाढवता पाहुण्यांची सोय करण्याला वाव ठेवला आहे. २०२३ मध्ये राज्याने महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी 'आई' धोरण आणले, त्यात कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो. बचतगटातल्या बायकांनी याची चौकशी तालुक्याला करावी. वेळासचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने तिथे समुद्री कासवांची अंडी वाचवण्याचे काम सुरू केले, गावकरी त्यात आले, आणि कासवाची पिल्ले समुद्रात जाताना बघायला येणाऱ्यांना गावातल्याच घरांत उतरवू लागले. जिथे एक साधे हॉटेल नव्हते तिथे घरोघरी पाहुणे जेवू लागले. मंडणगड तालुका तोच. आंबडवेही त्याच तालुक्यात.

कसबे तडवळ्याची गोष्ट आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेबांचा मुक्काम गावच्या शाळेत होता. ती शाळा पाहायला आजही लोक येतात. त्यांच्यासाठी तडवळ्यात एखाद्या घराने दोन खोल्या काढल्या, तर आम्ही कोकणातल्या काकांना पत्र लिहून कळवू.

जायचे कसे

धाराशिवहून एसटीने पुणे, स्वारगेटहून दापोली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. चार बायका, दोन आजी आणि तीन मुले असतील तर एसटी क्रुझरपेक्षा खूपच स्वस्त पडते. एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पासही आहे; आंबडवे, महाड, दापोली असे फिरणार असाल तर आगारात जाऊन दोन्ही हिशेब करून पाहावेत. रेल्वेने जायचे तर रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीने ठाण्याला उतरून कोकण रेल्वेची गाडी धरावी आणि खेडला उतरावे. खेड ते दापोली तीसेक किलोमीटर एसटी. घाटात लहान मुलांना लागते, लिंबू आणि रिकाम्या पिशव्या जवळ ठेवाव्यात. उकाडा सोसत नसेल त्यांनी मे टाळावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

कासवांची पिल्ले साधारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत बाहेर पडतात, पहाटे आणि सूर्यास्ताला. त्या दिवसांत वेळासची घरे शनिवार-रविवारी आधीच भरलेली असतात. दहावीच्या परीक्षा संपल्यावर जायचे असेल तर जानेवारीतच फोन करून ठेवावा, आणि फोनवर काय बोलायचे ते वर सांगितले आहेच.